पळस, संत्रा, मोह आणि उपवासाची उसळ : फागुन-चैताच्या माहितीचा धागा

सेमिनरीवाला

राम राम मंडळी. नागपूर शहराबाहेर कुठल्याही रस्त्याला लागा, उमरेड म्हणा, काटोल म्हणा, रामटेक म्हणा, सध्या पळस नुसता पेटलेला आहे, काटेसावरीची जाडजूड लाल फुलं खाली पडून राहिलीत आणि पिंपळाला तांबूस पालवी फुटून राहिली. आपल्याकडचा वसंत हिरवा नसतो, आधी पानं झडतात, मग काळ्या बोडक्या फांद्यांवर फुलं येतात आणि तोवर दुपारचं ऊन चटके द्यायला लागलेलं असतं. मला हे दिवस मनापासून आवडतात म्हणून हा धागा काढला. झाडं, खाणं, पाखरं, नावं, जे काही पक्कं माहीत आहे ते टाका. व्हॉट्सअ‍ॅपवरचे "अमुक पान खा, शुगर गायब" असले फॉरवर्ड मात्र इथे नकोत, त्यानं लोकांची तब्येत बिघडते.

सुरुवात पळसापासून. "पळसाला पानं तीनच" हे सगळेच म्हणतात, पण झाडाच्या हिशोबाने ते एकच पान आहे, तीन भागांचं, एकाच देठावरचं. मधला भाग मोठा आणि गोलसर, बाजूचे दोन जरा तिरपे. पत्रावळी आणि द्रोण याच पानांचे. आता फूल हातात घेऊन बघा. देठाकडची वाटी काळपट मखमली, बोट फिरवलं तर लव लागते, आणि पाकळ्या पाच, त्यातली मधली बाकदार जोडी अगदी पोपटाच्या चोचीच्या आकाराची, म्हणून तर संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात. शेंग चपटी, आणि बी फक्त एक, तेही शेंगेच्या टोकाला. बाकीची शेंग म्हणजे नुसता पापुद्रा, वाऱ्यावर गिरक्या घेत लांब जायला. शास्त्रीय नाव ब्युटिया मोनोस्पर्मा, त्यातल्या मोनोस्पर्माचा अर्थच एकबीजी.

आता तुमच्यासाठी तीन प्रश्न, गुगल न करता सांगा.
पहिला, एवढं देखणं फूल पण पळसाला वास का नाही?
दुसरा, आपल्या संत्र्याचे भाऊबंद तुमच्या स्वयंपाकघरात आणि देव्हाऱ्यात कोण कोण आहेत?
तिसरा, साबुदाण्याच्या उसळीत मूळची भारतातली वस्तू कोणती?

तर्री_पोहे

पहिल्याचं उत्तर, पाखरांसाठी. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी हे सगळे पळसावर पडलेले असतात सकाळी. वासाने येतात ते किडे, मधमाश्या, रात्रीचे पतंग. पाखरं रंग बघून येतात, म्हणून झाड लाल-केशरी रंगावर आणि भरपूर मधावर खर्च करते, वासावर नाही. सावर, पांगारा यांचंही तेच, तिघंही लाल, तिघंही पानं झडल्यावर फुलणारे म्हणजे फूल लांबून दिसलं पाहिजे. बरोबर का भाऊ?

सेमिनरीवाला

एकदम बरोबर. पळसावर अजून एक गोष्ट टाकतो, लाख. लाखेचा किडा ज्या झाडांवर पोसला जातो त्यातली मुख्य तीन म्हणजे पळस, कुसुम आणि बोर. बांगड्यांची लाख, जुन्या पाकिटांवरची लाल मोहर, फर्निचरचं पॉलिश, सगळं त्या बारीकशा किड्याच्या अंगातून निघणारं राळेसारखं द्रव्य. कुसुमाचं झाड मार्चमध्ये बघितलं नसेल तर जरूर बघा, पालवीच लालभडक असते, लांबून फुलंच वाटतात.

काटोलकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडून घ्या, वावरातच संत्रा आहे आमच्या. लिंबू, मोसंबी, ईडलिंबू हे तं झालेच, ते कोणीही सांगेल. पण महादेवाचा बेल, शिवरात्रीचं कवठ आणि फोडणीतला गोडलिंब म्हणजे कढीपत्ता, हे तिन्ही संत्र्याच्याच कुळातले आहेत. आणि बंगल्यांच्या कुंपणाला लावतात ती कामिनी, पांढऱ्या वासाच्या फुलाची, तीसुद्धा. खात्री करायची असेल तं संत्र्याचं किंवा लिंबाचं पान तोडा आणि उन्हाकडे धरून बघा, पानभर बारीक बारीक पारदर्शक ठिपके दिसतील, सुईनं टोचल्यासारखे. त्या तेलाच्या ग्रंथी आहेत. वास त्यातूनच येते, पान चुरलं की त्या फुटतात. गोडलिंबाचं पान धरा, तिथंही दिसतील. आणि कडूलिंबाचं धरा, नाही दिसत, कारण नावात लिंब असलं तरी त्याचं कूळच वेगळं, महोगनीचं.

आता संत्र्याबद्दल शहरातल्या लोकांना जे माहीत नसते ते सांगतो. वर्षातून दोन बहार असतात. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात, फळ निघते ऑक्टोबर ते डिसेंबर. मृग बहाराची फुलं पावसाच्या सुरवातीला, ते फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. म्हणजे आत्ता तुम्ही बर्डीवर, सीताबर्डीच्या बाजारात, जो संत्रा घेऊन राहिले तो मृगाचा, आणि त्याच वेळी आमच्याकडे आंबियाचं फळ वाटाण्याएवढं झालेलं असते. फूल आपोआप भरघोस येत नाही, झाडाला ताण द्यावा लागते, म्हणजे काही आठवडे पाणी बंद करायचं, झाड जरा सुकल्यासारखं झालं की खत-पाणी द्यायचं, मग ते एकदम फुलावर येते. काळी भारी जमीन असली की ताण लवकर बसत नाही कारण माती पाणी धरून ठेवते, आणि ताण देता देता मध्येच अवकाळी पाऊस आला की सगळा हिशोब बिघडला. नंतर मार्च-एप्रिलच्या उन्हात फळगळ, ती वेगळी चिंता.

अजून एक. संत्र्याचं झाड खालून संत्र्याचं नसतेच. पन्हेरीत, म्हणजे रोपवाटिकेत, आधी जंभेरीचं रोप करतात, ते लिंबाचंच एक प्रकार, त्याच्या खोडावर संत्र्याचा डोळा बांधतात. मुळं जंभेरीची, वरचा पसारा संत्र्याचा. खुंटाखालून फुटवा आला आणि तो काढला नाही तं त्याला जंभेरीच लागते, मग लोक म्हणतात झाड फिरलं. फिरलं नाही, ते खालचं झाड आहे.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, आणि केंद्राची लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था आपल्या अमरावती रोडवरच आहे, जाऊन या कधी.

महालची_सून

काटोलकर दादा, फार छान लिहिलंत. तुमच्या कुळाच्या गोष्टीला माझ्या गॅलरीतला पुरावा जोडते. माझ्याकडे कुंडीत गोडलिंब आहे आणि त्यावर दर वर्षी लिंबाच्या फुलपाखराची अळी येते. काळं-पिवळं ठिपक्याठिपक्यांचं फुलपाखरू असतं ना, शेपटी नसलेलं, बागेत खूप दिसतं, ते. मादी पानावर पिवळसर मोत्यासारखं एकेक अंडं घालते. अळी बाहेर येते तेव्हा काळपट तपकिरी आणि मधे पांढरा डाग, हुबेहूब पाखराची विष्ठा, त्यामुळे पाखरं तिला खातच नाहीत. मोठी झाली की कात टाकून एकदम हिरवी होते. तिला काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून केशरी रंगाचं दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि आंबूस उग्र वास सुटतो, तोंडासमोर धरू नका 🙂

गंमत ही की हीच अळी लिंबावर, संत्र्यावर, बेलावरही वाढते. म्हणजे बेल, लिंबू, कढीपत्ता एका घरातले हे त्या फुलपाखराला माणसांच्या कितीतरी आधी कळलेलं आहे, ते पानावर बसून पायांनी चव घेतं आणि ओळखतं. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, ते मोठं काळं-निळं, २०१५ मध्ये जाहीर झालं, त्याची अळीसुद्धा याच कुळातल्या झाडांवर असते. म्हणून मी कुंडीवर औषध मारत नाही. दोनचार फांद्या खाल्ल्या तरी गोडलिंब परत फुटतो.

काटोलकर

ताई तुमचं बरोबर आहे पण आमच्या पन्हेरीत त्याच अळ्या आल्या की लहान रोपाचं एक पान ठेवत नाहीत. मोठ्या झाडाला काही फरक पडत नाही, लहान रोपाचं सांगतो. आम्ही हातानं वेचतो, रोपं कमी असतील तं तेच बरं.

पुणे_ते_बर्डी

मी नोकरीनिमित्त इकडे आलेय, त्यामुळे आधी एक शंका. साबुदाण्याची "उसळ" म्हणजे खिचडीच ना? आणि गोडलिंब म्हणजे कढीपत्ता हे आत्ता कळलं. भाजीवाल्या काकू "सांबार घेता का पोरी" म्हणाल्या तेव्हा मी म्हटलं नको, घरी डाळ केलीय.

महालची_सून

हो गं, खिचडीच. आणि इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी खाल्ली नसशील तर थंडीत खा, आत सगळी कोथिंबीरच असते. फल्ली म्हणजे शेंगदाणे, बरबटी म्हणजे चवळीच्या शेंगा, आलू म्हणजे बटाटा आणि आलूबोंडा म्हणजे तुमचा बटाटावडा. भाजीबाजारात एवढ्यावर निभतं.

पुणे_ते_बर्डी

धन्यवाद ताई 🙏 मग तिसऱ्या प्रश्नाचा प्रयत्न करते. बटाटा आणि मिरची बाहेरून आली हे माहीत आहे. साबुदाणा आणि शेंगदाणे आपले असावेत?

निवृत्त_मास्तर

नाही बेटा, तेही बाहेरचेच. हा प्रश्न मी वर्गात दर वर्षी विचारायचो. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि ते झाड दक्षिण अमेरिकेतलं, भारतात साबुदाण्याचे कारखाने मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या भागात आहेत. शेंगदाणाही दक्षिण अमेरिकेचा. बटाटा अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची, रताळं अमेरिकेतलं, राजगिऱ्याच्या दाण्यासाठी पिकवतात त्या जाती मूळच्या अमेरिकेतल्या. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही मंडळी एकेक करून आली. पेरू, पपई, चिकू, अननस, काजू, मका, टमाटर, हे सगळे मूळ अमेरिकेतलेच. सीताफळ-रामफळ ही नावं ऐकून कोणालाही वाटेल की रामायणापासूनची आहेत, पण दोघांचं मूळ गाव अमेरिकाच. रामफळ मात्र याच दिवसांत पिकतं, सीताफळ दिवाळीच्या आगेमागे.

मग उसळीत आपलं काय? गोडलिंब घातला असेल तर तो अस्सल इथला. वरून पिळलेलं लिंबू, त्या कुळाचं मूळ ईशान्य भारत आणि त्याच्या आसपासच्या डोंगरांत. आणि तूप. जिरं पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राकडचं, पण फार जुन्या काळी आलेलं, त्याला पाहुणा म्हणवत नाही.

उपवासाला खऱ्या अर्थानं इथली वस्तू हवी असेल तर भगर आणि शिंगाडा. शिंगाडा आपल्या भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढीवर बांधव पिकवतात, थंडीत उकडलेला काळा शिंगाडा हातगाडीवर मिळतो तो हाच. भगर भरड धान्य, कमी पावसातही तग धरणारं.

गणेशपेठ

मास्तर, म्हणजे उपवासाला साबुदाणा चालत नाही असं म्हणायचंय का तुम्हाला? घरी आई ऐकणार नाही.

निवृत्त_मास्तर

असं अजिबात नाही म्हणायचं. उपवासाला धान्य वर्ज्य, कंदमुळं-फळं चालतात हा जुना नियम होता आणि त्या नियमात नवीन आलेले कंद आपोआप बसले. बटाटा कंद आहे, टॅपिओका कंद आहे, आपल्या आज्यांनी चुलीपुढे बसून अगदी बरोबर निर्णय घेतला. मला तर त्या निर्णयाचा आदर वाटतो. आईला साबुदाणा खाऊ द्या.

मिरचीवरून एक अजून. मिरची यायच्या आधी तिखट काय होतं, तर काळी मिरी, पिंपळी आणि आलं. मिरचीचं नावही मिऱ्यावरूनच पडलं. तिचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे ते आहे कॅप्सेसिन. सस्तन प्राण्यांच्या तोंडात आग होते, पाखरांना ते जाणवतच नाही. पोपट हिरव्या मिरच्या आरामात खातो ते यामुळे. झाडाचा त्यात फायदा आहे, उंदीर-खार बी चावून फोडते, पाखरू बी तसंच गिळतं आणि लांब नेऊन टाकतं. आपल्या जिल्ह्यातल्या भिवापूरच्या मिरचीला जीआय आहे, आणि शेजारी वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही आहे. हळद काढणीचे दिवस सध्याचेच, फेब्रुवारी-मार्च.

हळदीवरून १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं होतं, जखम भरायला हळद वापरण्याबद्दल. जणू कोणालाच माहीत नव्हतं! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, जुने ग्रंथ आणि लेख पुराव्याला देऊन त्यांनी ते १९९७ मध्ये रद्द करवून घेतलं. कडुनिंबाचं युरोपातलं पेटंटही २००० मध्ये रद्द झालं आणि २००५ मध्ये त्यावरचं अपील फेटाळलं. पाडव्याला कडुनिंबाचा फुलोरा गुळासोबत खाताना पोरांना ही गोष्ट सांगत जा, लक्षात राहते.

मोहफूल

मी मूळची गडचिरोली जिल्ह्यातली, आता मानेवाड्याकडे राहते. संत्रा-साबुदाणा झाला, आता आमच्या जंगलाचं ऐका. मार्च-एप्रिल म्हणजे आमच्याकडे मोह. फूल रात्री उमलते, त्यावर वटवाघळं येतात, आणि पहाटेपासून टपटप खाली पडायला लागते. फूल म्हणजे पातळ पाकळी डोळ्यापुढे आणू नका, मोहाचं फूल जाड असते, मनुक्यासारखं मांसल, फिक्कट पिवळं, आतून रसाळ आणि गोड. बोटात दाबलं की चिकट रस लागते आणि वास असा की सगळं रान भरून जाते. उजाडायच्या आत टोपली घेऊन जावं लागते, ऊन चढलं की फूल सुकते, आणि अस्वलालाही तेच आवडते त्यामुळे पहाटे एकटं जात नाहीत, दरवर्षी कुठे ना कुठे वेचणाऱ्यावर हल्ला झाल्याची बातमी येतेच.

शहरातले लोक म्हणतात फुलं वेचली तर झाडाला फळं कशी येतील. येतात. खाली पडतो तो फक्त पाकळ्यांचा गोळा, बीजकोश वर देठालाच राहतो आणि त्याचं पुढे फळ होते, टोळ म्हणतो आम्ही, त्याच्या बियांचं तेल निघते. म्हणजे एकच झाड आधी फुलं देते, मग तेल देते. मोह म्हटलं की सगळ्यांना फक्त दारू आठवते याचं मला खरंच वाईट वाटते. आमच्या घरी वाळवलेला मोह भाजून, तिळासोबत कुटून लाडू करायचे, भाकरीतही घालायचे, अवघड महिन्यांत पोट भरणारी वस्तू होती ती.

एक चिंतेची गोष्ट पण सांगते. फुलं नीट दिसावी म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळायची सवय आहे, आणि उन्हाळ्यात तो जाळ पसरून रान पेटते. आता बऱ्याच गावांत लोक झाडाखाली नेट किंवा जुन्या साड्या अंथरतात, फूल स्वच्छ मिळते आणि आगही लागत नाही. हे जास्त गावांत व्हायला पाहिजे.

आता कुळाचा प्रश्न माझ्याकडून. आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा यांचं नातं काय?

तर्री_पोहे

एकाच कुळातले असतील, तुम्ही विचारून राहिल्या म्हणजे 🙂 पण चारोळी आणि आंबा? आकारात काहीच सारखं नाही.

मोहफूल

हो, चारही एकाच कुळातले. चाराचं, म्हणजे चारोळीच्या झाडाचं, फळ बघितलं नसेल तुम्ही, करवंदापेक्षा लहान, पिकलं की काळं-जांभळं, आंबटगोड, एप्रिल-मेमध्ये. आत टणक कोय, आंब्याच्या कोयीसारखीच पण वाटाण्याएवढी, ती फोडली की जो दाणा निघतो तो चारोळी. श्रीखंडावर टाकता तो. कोणीतरी रानात एकेक फळ वेचून, धुऊन, कोय फोडून काढलेला असतो म्हणून महाग. आणि फांद्या तोडून फळं काढली तर पुढच्या वर्षी झाड देत नाही, भाव चढला की लोक कच्चीच तोडतात हे वाईट.

बिब्ब्याचं आणि काजूचं फळ शेजारी शेजारी ठेवा म्हणजे नातं लगेच दिसते. दोघांतही बी बाहेर लटकते आणि वरचा फुगीर भाग म्हणजे खरं फळच नाही, देठाचा फुगलेला भाग. बिब्ब्याचा तो भाग केशरी असतो, वाळवून खातात. खालचं काळं बी म्हणजे बिब्बा, त्याचं तेल अंगाला लागलं तर फोड येतात, जखम होते, त्यामुळे कोणी घरगुती उपाय म्हणून सांगितलं तरी लावू नका. पूर्वी धोबी कपड्यांवर न जाणाऱ्या खुणा करायचे ते याच रसानं. आणि त्याच बिब्ब्याच्या आतली गरी म्हणजे गोडंबी, डिंकाच्या लाडवातली. काजूच्या टरफलातलं तेलही असंच भाजते, कच्च्या कैरीचा चीक काही लोकांच्या ओठाला उततो तेही त्याच जातीच्या द्रव्यानं. सगळा खानदान तिखट रक्ताचा आहे.

तेंदूचंही टाकून देते, विडीचं पान म्हणून सगळ्यांना माहीत पण त्याचं फळ, टेंभरं, पिवळं गोड असते, उन्हाळ्यात मिळते. काळं आबनूस लाकूड आणि जपानी लोकांचं पर्सिमॉन हे फळ, दोन्ही तेंदूच्याच वंशातले.

गणेशपेठ

मोहफूल ताई, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली, तिचं माहेर गोंदियाकडचं, तिला टेंभरं आठवली. ती विचारते बांबूचं कोणी लिहिलं का.

मोहफूल

त्यांना नमस्कार सांगा. बांबू झाड नाही, गवत आहे, ज्वारी-उसाचा नातेवाईक. पावसाळ्यात जे कोवळे कोंब खातात, वास्ते, ते आईंना माहीत असतील. बांबू अनेक वर्षांनी एकदाच फुलतो, एका भागातला सगळा जवळपास एकाच वेळी, आणि फुलून बी टाकलं की मरतो. कायद्यात मात्र तो कितीतरी वर्षं "झाड" होता, त्यामुळे स्वतःच्या शेतातला तोडून न्यायलाही परवाने. २०१७ मध्ये वनकायद्यात बदल करून जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं. आणि आमच्या जिल्ह्यातलं मेंढा-लेखा हे गाव, त्या ग्रामसभेला २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचा अधिकार मिळाला, देशात पहिल्यांदा. मला त्याचा फार अभिमान आहे.

पुणे_ते_बर्डी

किती समृद्ध धागा झालाय हा. माझ्याकडून एक छोटी भर. सकाळी कुहूकुहू करणारी कोकिळा नसते, कोकीळ असतो, नर. तो काळाकुळकुळीत, डोळे लाल. मादी तपकिरी आणि अंगभर पांढरे ठिपके, ती गात नाही, किक-किक असं कर्कश ओरडते. अंडी कावळ्याच्या घरट्यात. कवितांमध्ये सगळीकडे कोकिळाच गाते.

निवृत्त_मास्तर

छान. आणि "पेरते व्हा" म्हणणारा पावशा हाही त्याच घराण्यातला, तो सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. राज्यपक्षी हरियालही आत्ताच बघा, वड-पिंपळ-उंबर फळांवर आले की थव्यानं येतो, हिरवा-पिवळा, पाय पिवळेधमक, पानांत बसला की दिसत नाही. उंबराचं निघालंच तर, "उंबराचं फूल" म्हणतो आपण दुर्मीळ माणसाला, पण उंबराला फुलं शेकड्यांनी असतात, ती फळाच्या आत असतात. ज्याला आपण फळ म्हणतो ती फुलांनी आतून भरलेली बंद पिशवी आहे, आणि आत शिरणारी गांधीलमाशीच्या जातीची एक बारीकशी माशी परागीभवन करते. वड, पिंपळ, अंजीर, सगळ्यांचं असंच, आणि बहुतेक प्रत्येकाची माशी वेगळी.

फुटाळा_निवासी

माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. सिव्हिल लाईन्समध्ये गुलमोहर, जॅकरांडा, बोगनवेल यांचं एवढं कौतुक होते. गुलमोहर मादागास्करचा, १८२०च्या दशकात बोयर नावाच्या वनस्पतीतज्ज्ञानं जगाला दाखवला. जॅकरांडा आणि बोगनवेल दक्षिण अमेरिकेचे. आणि आपला ताम्हण, जो राज्याचं फूल आहे, जांभळा, एप्रिल-मेमध्ये फुलतो, चंद्रपूर-गडचिरोलीच्या ओढ्यांकाठी रानात उगवतो, तो शहरात किती लोक ओळखतात? नवीन रस्त्यांच्या कडेला आपलीच झाडं लावावी, बहावा, ताम्हण, पळस, कडुनिंब, कुसुम.

सेमिनरीवाला

लावायची आपलीच, हे मान्य, कारण आपल्या झाडांवर आपली पाखरं, किडे, अळ्या जगतात, वर अळीचं वाचलंच. पण आहे तो गुलमोहर तोडा असं कोणी म्हणू नये, मे महिन्यात बसस्टॉपवर उभ्या माणसाला सावली लागते, ती कुठल्या देशाची आहे हे तो विचारत नाही. आणि बाहेरून आलेली मिरची आपण आपली केलीच की. गुलमोहराचं एक बघा, पाच पाकळ्यांपैकी चार लाल, पाचवी उभी, तिच्यावर पांढरे-पिवळे पट्टे. किड्यापाखराला मध कुठे आहे ते दाखवायची खूण. बोगनवेलीची रंगीत कागदासारखी पानं फुलं नाहीतच, मधोमध जी बारीक पांढरी नळी असते ते फूल.

बहाव्याबद्दल लोक म्हणतात, फुलला की पंचेचाळीस दिवसांत पाऊस. फुलतो तो उन्हाळ्याच्या मध्यावर आणि पाऊस जूनमध्ये येतो, त्यामुळे हिशोब बरेचदा जुळल्यासारखा वाटतो. त्यावर पेरणी ठरवू नका एवढंच.

फुटाळा_निवासी

तोडा म्हटलंच नाही भाऊ मी. नवीन लावण्याबद्दल बोललो. बाकी पटलं.

आकाशाचं कोणी टाकलं नाही म्हणून टाकतो. नागपूर साधारण २१.१५ अंश उत्तरेला आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. २६ मेच्या आसपास एकदा आणि १७ जुलैच्या आसपास परत. मेमध्ये दुपारी साधारण १२ वाजून १० मिनिटांनी गच्चीवर एक सरळ उभी बाटली ठेवा, सावली बुडाखाली गायब होते. जुलैत ढग असतात, त्यामुळे मेमध्येच बघा. आणि आपला नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारास सुरू होतो, सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हा, म्हणजे जुन्या लोकांनी सूर्य डोक्यावर येण्याचेच दिवस बरोबर पकडले होते. दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही, ते कर्कवृत्ताच्या वर आहेत.

गणेशपेठ

हे माहीतच नव्हतं. मेमध्ये पोरांना घेऊन करतो. आणि एक विचारायचं होतं, पळसाच्या फुलांचा रंग घरी कसा करायचा? यंदा पोरं मागे लागलीत.

महालची_सून

सोपा आहे. झाडाखाली पडलेली फुलं आणा, फांद्या तोडू नका. देठाची काळी वाटी काढून टाका, नाहीतर रंग मळकट येतो. पाकळ्या सावलीत दोनतीन दिवस वाळवल्या की वर्षभर डब्यात राहतात. रंग करताना मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घ्या, दोन मोठ्या मुठी पाकळ्या टाका, उकळी आली की मंद आचेवर अर्धा तास ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी फडक्यानं गाळा. पिवळसर केशरी पाणी निघते.

गणेशपेठ

चुना टाकायचा असतो म्हणे?

महालची_सून

चिमूटभर खायचा चुना टाकला की रंग गडद केशरी होतो, तुमच्यासमोर बदलताना दिसतो, पोरांना ते जरूर दाखवा. हळदीच्या पाण्यातही टाकून दाखवा, ते लाल होतं. पण चुन्याचा रंग रुमाल-कापड रंगवायला ठेवा. अंगावर खेळायचा असेल तर बिनचुन्याचाच घ्या, डोळ्यात गेला तर त्रास होतो.

गणेशपेठ

समजलं ताई. रविवारी उमरेड रोडला जातो पोरांना घेऊन, पिशव्या काढून ठेवल्यात.